साक्षीची काच

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी शाळेसमोरच्या दुकानात खोडरबर घ्यायला गेले होते. पन्नाशीला आलेली बाई दप्तरवाल्या पोरांच्या रांगेत उभी राहून खोडरबर मागते, याचं दुकानदाराला भारी हसू यायचं. "कुई लान, अजून पास झाली नाहीस?" असं तो दर वेळी विचारायचा. मला हवा असायचा तो निळा, खरखरीत, शाईबरोबर कागदही खरवडून काढणारा खोडरबर. आमच्या धंद्यात काचेची शेवटची परीक्षा तोच घेतो.

गोष्ट सांगते, पण आधी हे पाकीट इथे दिव्याखाली ठेवते. आत नाण्याएवढी एक काच आहे. तिला हात लावू नका, आणि तिच्या जवळ तोंड नेऊन बोलू नका. का ते कळेल.

आमचा धंदा काचेवर लेप चढवण्याचा. पेनांगमध्ये, जेलुतोंगच्या एका गल्लीत, खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या इमारतीत तौके खॉ यांचा कारखाना आहे. तौके म्हणजे मालक, पण यंत्रापुढे तौके मीच. साध्या काचेवर प्रकाश पडला की त्यातला थोडा माघारी फिरतो. म्हणून तर खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं. मोठ्या दुर्बिणीत अशा दहा-बारा काचा एकामागे एक असतात. प्रत्येकीवरून थोडा थोडा प्रकाश फिरला की तो आतच भटकत राहतो, आणि समोरचा समुद्र भाताच्या पेजेसारखा पांढुरका दिसतो. आम्ही काचेवर असा थर बसवतो की माघारी फिरणारा प्रकाश जागच्या जागी विझतो. थर केवढा, तर एका केसाच्या जाडीचे सातशे पदर सुटले तर त्यातला एक. तो नीट बसला की काच आहे की नाही तेच कळत नाही.

आमचं यंत्र म्हणजे पोलादाचं एक भलंमोठं पातेलं, पुढे पंजाएवढी खिडकी. आत वरच्या बाजूला घुमट, घुमटाला भोकं, भोकांत काचा तोंड खाली करून बसवलेल्या. तळाशी एक पत्र्याची वाटी, तिला आम्ही होडी म्हणतो. होडीत पांढरे खडे. पंपानं आतली सगळी हवा ओढून घेतली आणि होडी तापवली की खडे उडून वर काचांवर जाऊन बसतात. प्रत्येक घाण्यात भिंगांच्या शेजारी एक छोटी साधी काच ठेवायची, ती साक्षीदार. भिंगावर जे झालं तेच तिच्यावर झालं. खोडरबर घासायचा तो तिच्यावर. ती टिकली तर भिंग टिकलं. मग ती तारीख घालून पाकिटात ठेवायची.

हे सगळं मला आन्टी खिम यांनी शिकवलं. त्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांच्या दोन गोष्टी माझ्या हाडात बसल्यात. एक, काच पुसली की तिच्यावर हाऽ करून बघायचं. वाफ सगळीकडे सारखी धरली तर काच स्वच्छ. कुणाचं बोट लागलं असेल तर त्याच्या रेषा वाफेत उमटतात. "पण हाऽ करायचं ते गार काचेवर," त्या म्हणायच्या. "तापल्या काचेवर वाफ धरत नाही. तिला काय विचारतेस, ती तर उत्तर देऊन बसलीय." आणि दुसरी गोष्ट सातव्या महिन्याची. आमच्या चिनी लोकांत सातव्या महिन्यात मेलेली माणसं घरी येतात. गल्लीच्या तोंडाशी नाटकाचा मांडव पडतो आणि खुर्च्यांची पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवतात. त्या महिन्यात पाठीमागून कुणी हाक मारली तर वळायचं नाही. आन्टी खिम घुमटातलं पहिलं भोकही त्या महिन्यात रिकामं ठेवायच्या. "नाटकात त्यांना जागा देता, मग कामात नको? तेही कधीकाळी कामच करत होते की."

मी हसायचे, पण भोक रिकामं ठेवायचे.

आता जे सांगते ते मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तंजोंग लालांगच्या धक्क्यावर मच्छीमारांची एक पहाऱ्याची माडी आहे. तिथे माणसाच्या मांडीएवढ्या जाड नळ्यांची जुनी दुर्बीण आहे आणि तेव्हा तिच्यामागे पाकचिक लाझिम बसायचे. पाकचिक म्हणजे काका. पासष्टीचा, वाळलेल्या मासळीसारखा सडपातळ माणूस. संध्याकाळी होड्या परततात तेव्हा सूर्य नेमका समोर असतो, आणि नेमक्या त्याच वेळी मोठी जहाजंही तिथून जातात. एखादी होडी बंद पडून जहाजाच्या वाटेत वाहत गेली, तर ती त्यांनी बघायची आणि लाँच सोडायची. दुर्बिणीची पुढची दोन भिंगं खाऱ्या हवेनं खाल्ली होती. पाकचिकांनी ती माझ्याकडे आणली आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. "आमोई, आज संध्याकाळपर्यंत दे गं. होड्या बाहेर आहेत." आमोई म्हणजे पोरी. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून ते मला तेच म्हणतात.

काच तीनशे अंशांपर्यंत तापवून लेप चढवला तर तो दगडासारखा बसतो. त्याला तीन तास लागतात. गार काचेवर चढवला तर दिसायला तसाच, तोच जांभळा रंग, पण मिठाच्या हवेत चार महिन्यांत पापुद्रे सुटतात. मी तो घाणा तासाभरात उरकला. घाई केली. खोडरबरसुद्धा घासला नाही. साक्षीची काच तशीच पाकिटात टाकली आणि भिंगं देऊन टाकली. पाकचिकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पाच महिन्यांनी माझा धाकटा भाऊ बून तेक परतला नाही. इंजिन बंद पडून त्याची होडी जहाजाच्या वाटेत गेली होती. पाकचिक दुर्बिणीला डोळे लावून त्याच बाजूला बघत होते, आणि त्यांना पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसलं नाही. फळ्या सापडल्या. तो सापडला नाही.

त्या रात्री मी ते पाकीट काढलं आणि साक्षीच्या काचेवर खोडरबर घासला. तिसऱ्या घाशीला लेप निघाला.

पाकचिक आमच्या घरी आले, माझ्या आईसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बहीण, माझे डोळे म्हातारे झाले. मला दिसला नाही तुझा मुलगा." आणि मी? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून ते प्रत्येकाला तेच सांगत फिरायचे, की माझे डोळे गेले. आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालायचे. चोर मी, आणि शिक्षा भोगत होता तो म्हातारा.

असो. तर ज्या सकाळी मी खोडरबर आणला, ती पुन्हा त्याच भिंगांची सकाळ होती. लेपाचा उरलासुरला पापुद्राही गेला होता. मी निरोप पाठवून भिंगं मागवली, तीन दिवस घासून पुसून नवीन केली. सुमात्रातल्या जळत्या जंगलांचा धूर महिनाभर हलला नव्हता. सूर्य दिवसभर तांबड्या बशीसारखा लटकलेला. तीन दिवस माडी आंधळी होती, पण पोट थांबत नाही, होड्या जातच होत्या. सातवा महिना होता. गल्लीत उदबत्त्यांचा आणि धुराचा वास एकमेकांत मिसळला होता आणि नाटकवाल्यांची घंटा-झांजांची तालीम चालली होती.

मी दोन्ही भिंगं घुमटात बसवली. साक्षीची काच दुसऱ्या भोकात. पहिलं रिकामं. दार लावलं, पंप सुरू केला, काचा तापत ठेवल्या.

दहाच्या सुमारास पाकचिक आले. हातात पिशवीतली काळी कॉफी, तिच्यात नळी.

"आमोई, तुझ्या त्या भांड्यात भात शिजतोय की दगड?"

"दगडच शिजवायचाय, पाकचिक. वेळ लागेल."

"लवकर कर गं. आज जावई गेलाय." त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला. "अझमीला म्हटलं, धुरात जाऊ नकोस. तर म्हणतो, बाबा, घरात तरी कुठे स्वच्छ हवा आहे! लेकीचा नवरा, त्याला बोलणार काय? सूर्य बुडायच्या आत मला भिंगं हवीत. माझे डोळे असे, त्यात दुर्बीणही नाही..."

 आत गेले आणि दार ओढून घेतलं.

यंत्राच्या खोलीला खिडकी नाही. तिथे दिवस-रात्र कळत नाही. पंपाची घरघर, गरम तेलाचा वास आणि तापमानाचा लाल आकडा. आकडा पावणेतीनशेवर गेला होता. अजून अर्धा तास, की होडी तापवायची. मी स्टुलावर बसून खिडकीतून आत टॉर्च मारला, उगाच, सवयीनं.

डावीकडच्या भिंगावर वाफ होती.

मला वाटलं, खिडकीवर माझाच श्वास बसला. मी बाहीनं खिडकी पुसली. वाफ आतच होती. भिंगाच्या मधोमध, बशीएवढ्या काचेवर नाण्याएवढा धूसर ठिपका. मी बघत असताना तो मोठा झाला. मग कडेकडेनं आटत लहान झाला. मग पुन्हा मोठा...

कुणीतरी काचेला तोंड लावून श्वास घेत होतं.

आत हवा नव्हती. तीन तास पंप ओढत होता. आत उदबत्तीच्या धुराचा एक कणही जगला नसता. जिथे श्वास घ्यायला हवाच नाही तिथे श्वास कुणाचा? माझी पाचावर धारण बसली. तो ठिपका मात्र संथपणे वाढत होता, आटत होता.

आणि मग वास आला. तेलाचा नाही. डिझेल, ओलं जाळं आणि कापरासारखं ते मलम, जे बून तेक मानेला चोळायचा. माझ्या मागे दार बंद होतं.

"आ-ची..."

मोठ्या बहिणीला आम्ही आ-ची म्हणतो. मला तशी हाक मारणारा जगात एकच होता.

मी वळले नाही. मानेचे केस ताठ झाले होते, पाठीवर गार ओल पसरत होती, कुणी भिजलेला सदरा टेकवून उभं असावं तशी. बाहेरच्या झांजा कधी थांबल्या ते कळलं नाही.

"बून तेक...?"

 फक्त समोरची वाफ. आली... गेली... आली...

मी हात जोडले. "मला माहीत आहे," मी म्हणाले. "माझ्यामुळे झालं. मी घाई केली. तुला काय हवंय ते कर, पण आज नको रे. आज अझमी बाहेर आहे. हा घाणा होऊ दे..."

ठिपका वाढला. आधीपेक्षा मोठा, अर्ध्या भिंगाएवढा, आणि तसाच राहिला. जणू कुणी दम धरून थांबलं होतं, की आता तरी बघ.

भीतीनं माणूस वेडा होतो म्हणतात. मला मात्र त्या क्षणी आन्टी खिम आठवल्या, आणि त्यांचं ते रागावून बोलणं. तापल्या काचेवर वाफ धरत नाही.

मी लाल आकड्याकडे पाहिलं. दोनशे ऐंशी. मी भिंगाकडे पाहिलं. वाफ.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. आणि मेलेला माणूस खोटं कशाला बोलेल?

काच गार होती!

मी पंप बंद केला आणि आत हवा सोडली. सूं सूं करत हवा शिरली, तशी वाफ भिंगावरून पुसली गेली, वासही गेला. दार उघडून मी आत हात घातला आणि भिंगाच्या कडेला बोट लावलं. कोमट. बाळाची दुधाची बाटली असते तेवढं. तापमान मोजणारी तार आपल्या जागेवरून घसरून थेट तळाच्या शेगडीच्या तापत्या पत्र्याला चिकटली होती आणि पत्र्याचा आकडा मला दाखवत होती. वरच्या बाजूची, काचा गरम करणारी तार जळून तुटली होती. खाली पत्रा लाल, वर काच गार. अर्ध्या तासानं मी होडी तापवली असती, छान जांभळा रंग चढला असता, आणि पुन्हा... मी तिथेच खाली बसले आणि रडले. मग नाक पुसलं, पाना घेतला आणि उठले.

बाहेर पायरीवर पाकचिक पेंगत होते. त्यांना सांगायला हवं होतं, की आता पहिल्यापासून. तार बदलायची, पुन्हा हवा ओढायची, पुन्हा तापवायचं. पाचच्या आधी काही नाही.

"पाच?" ते ताडकन उठले. "वेडी झालीस का? सव्वासातला सूर्य जातो! मागच्या वेळी तर तासात दिलीस..."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

आणि मी सांगितलं. भर गल्लीत, दुपारच्या तांबड्या उजेडात, दोन वर्षांचं साचलेलं सगळं. गार काच. खोडरबर न घासणं. तिसऱ्या घाशीला निघालेला लेप. "तुमच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, पाकचिक. दुर्बीण आंधळी होती. मी केली होती."

 त्यांच्या हातातली कॉफीची पिशवी आवळली जाऊन कॉफी पायावर सांडत होती, त्याचंही भान नव्हतं.

"दोन वर्षं," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं मी रात्री डोळ्यांत औषध घालून झोपतोय. नमाजाला उभा राहिलो की आधी माफी मागतो, मग बाकीचं. आणि तू... तू माझ्यासाठी दर सणाला केक आणत होतीस?"

"हो."

"केक!" ते ओरडले. "मला वाटलं पोरगी मायेनं आणते!"

"मायाही होती हो."

त्यांनी हात उगारला. मला वाटलं, मारतील, आणि मारायलाच हवं होतं. पण तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यांनी त्याच हातानं स्वतःचे डोळे झाकले. खांदे हलत होते. "म्हणजे चांगले होते," ते म्हणत होते. "या अल्ला, चांगले होते माझे डोळे..."

जरा वेळानं त्यांनी तोंड पुसलं. "जा. शिजव तुझा दगड. आणि या वेळी कच्चा काढलास तर तुला त्याच भांड्यात घालीन." हे म्हणताना ते रागावलेलेच होते. पण ते तिथून गेले नाहीत.

मी तार बदलली. मोजणीची तार भिंगाच्या पाठीला टेकवून पक्की केली. दार लावण्याआधी घुमट नीट बघितला. दोन भिंगं, दुसऱ्या भोकात साक्षीची काच. पहिलं रिकामं. टॉर्च मारून बघितलं, त्यातून पलीकडचा पत्रा दिसत होता. मग दार लावलं, आणि त्या दारापासून मी नंतर हलले नाही. लघवीलाही उठले नाही, खोटं कशाला सांगू.

तीन वाजता काच खरोखर तीनशेवर होती. मी होडी तापवली. खडे आधी थरथरले, मग चमकले. या जुन्या यंत्राला कॉम्प्युटर नाही. थर किती झाला ते डोळ्यानं बघायचं. साक्षीच्या काचेवर दिव्याचा उजेड टाकायचा आणि माघारी येणारा रंग बघायचा. आधी पांढरा. मग वाळक्या गवतासारखा पिवळा. मग तांबूस होत होत एका क्षणी गर्द जांभळा, आणि तोच क्षण. पुढे गेलं की निळा, म्हणजे घाणा वाया.

तांबूस झाला आणि डिझेलचा वास पुन्हा आला. माझ्या खांद्याशी कुणीतरी वाकून त्याच खिडकीतून बघत होतं. मला भीती वाटली. तरी डोळा हलवला नाही.

"बघ आता, बून तेक," मी पुटपुटले. "बघ, आ-ची कशी करते ते."

जांभळा.

मी होडीवरची झडप ओढली.

पाच वाजता, काच निवल्यावर, मी भिंग हातात घेऊन पायरीवर आले. पाकचिकांनी बघितलं, आणि आधी त्यांना वाटलं की माझ्या हातात नुसतं रिकामं कडं आहे. पलीकडची माझी बोटं, बोटांवरची तेलाची काजळी, सगळं स्वच्छ दिसत होतं. काच जणू नव्हतीच. जरा तिरपं केलं तेव्हा कुठे जांभळी झाक तरळली. मी साक्षीच्या काचेवर निळा खोडरबर टेकवला आणि घासायला लागले. तीन. पाकचिक श्वास रोखून मोजत होते. दहा. वीस. चाळीस घाशी झाल्या तेव्हा खोडरबराचा कोपरा झिजून गेला होता आणि लेपावर ओरखडा नव्हता. आतून तौके खॉ जेवणाचा डबा टाकून बघायला आले होते, ते म्हणाले, "बाई, पुरे, काच झिजेल!"

स्कूटरवर पाकचिकांच्या मागे मी दोन्ही भिंगं पोटाशी धरून बसले. आयुष्यात इतकी हळू आणि इतकी जोरात कधी गेले नाही. साडेसहाला दुर्बीण जोडून झाली. समोर सूर्य धुरात उतरत होता आणि सगळा समुद्र वितळल्या पितळेसारखा. उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पाकचिकांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि डोळे लावले.

त्यांनी दुर्बीण डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवली, मग पुन्हा उलटी.

"पाकचिक?"

"गप्प."

"काय दिसतंय?"

"सदरा." त्यांचा आवाज फाटला. "पिवळा सदरा. वल्ह्याला बांधलाय... हलवतोय... तो माझ्या लेकीनं घेतलेला सदरा आहे! आणि मागनं जहाज येतंय... लाँच! अरे ए, लाँच सोडा!"

अकरा मिनिटं. मी घड्याळात बघितली. अकराव्या मिनिटाला लाँचनं अझमीच्या होडीला दोर टाकला, आणि ते जहाज, चार मजली घराएवढं, जिथे होडी होती तिथून गेलं. होडीतले तिघंही सुखरूप परत आले. धक्क्यावर पाकचिकांनी जावयाला आधी एक थोबाडीत दिली आणि मग इतकं घट्ट धरलं की तो बिचारा गुदमरला. मग ते जमलेल्या सगळ्या लोकांकडे वळले, दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली आणि ओरडले, "बघा रे! माझे डोळे! सोळा वर्षांच्या पोराचे डोळे आहेत हे!" कुणीतरी माडीवरचा भोंगा वाजवला. होड्यांनी उत्तर दिलं. लोक भाताच्या पुड्या वाटत होते, ओळख नसलेल्या बायका माझे हात धरत होत्या. मी त्या गर्दीत उभी राहून हसत होते आणि रडत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मान वर होती. त्याच रात्री मी आईलाही सगळं सांगितलं. ते मात्र आमच्या दोघींतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र पुसायला घुमट खाली काढला.

पहिलं भोक भरलेलं होतं.

त्यात नाण्याएवढी काच होती. आमच्या काचांपेक्षा जरा जाड, कडा गुळगुळीत झालेल्या, समुद्राकाठी पडलेल्या बाटलीच्या तुकड्याच्या होतात तशा. वर लेप, अगदी बरोबर जांभळा. मी ती उजेडात धरली. काही नाही. मग सवयीनं तिच्यावर हाऽ केलं.

वाफेत अंगठा उमटला. डाव्या हाताचा, मोठा, आणि मधून आडवी गेलेली एक रेघ. बून तेक नऊ वर्षांचा असताना गळ अंगठ्यातून आरपार गेला होता. चिंधी मीच बांधली होती.

मी खोडरबर घासला. साठ घाशी. ठसा निघाला नाही, कारण तो लेपावर नाही, लेपाच्या खाली आहे. लेप चढायच्या आधी त्या काचेला कुणीतरी हातानं धरून तिथे बसवलं होतं.

ती ही काच. पाकिटावर तारीख आहे, माझ्याच अक्षरात. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. पाकचिक आता माडी चढत नाहीत, अझमी बसतो तिथे. भिंगं तीच आहेत, लेप तोच, वर्षातून एकदा मी गोड्या पाण्यानं धुते आणि चाळीस घाशी मारून बघते. अकरा वर्षांत एकही माणूस न दिसल्यामुळे गेला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

एक मात्र आहे. ही काच मी घरी आणली तेव्हापासून चार वेळा असं झालं, की मी हाऽ केलं नव्हतं, कुणीच केलं नव्हतं, आणि तिच्यावर आपोआप वाफ आली. चारही वेळा मी धक्क्यावर फोन केला, आणि चारही वेळा बाहेर कुणीतरी होतं. त्यातल्या एका वेळी मी फोन करायला जरा घुटमळले. ते माणूस अगदी थोडक्यात वाचलं. त्यानंतर कधी घुटमळले नाही.

अहो... तुम्ही वाकलात का पाकिटावर? फुंकर मारलीत?

नाही ना?

मीही नाही मारली. बघा, कागद ओला होतोय. आत... येतेय, जातेय... मोठी आहे या वेळी. आणि हा वास... तुम्हालाही येतोय ना?

फोन तुमच्या उजव्या हाताशी आहे, तो इकडे सरकवा. अझमीला सांगायला हवं.

आणि काही झालं तरी मागे वळून बघू नका.